काचेआडची टोपली

केरबाला दोह्यात येऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत आपला बाप काय करतो हे त्यानं कुणालाही सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच तर 'शेती' म्हणायचा. शेती कुठली! पन्हाळ्याच्या पायथ्याला बुरुडांची चार घरं, दारात बांबूंचा ढीग आणि दिवस उगवल्यापासून सुपं-टोपल्या विणत बसलेला बाप. चौदाव्या वर्षापर्यंत बापानं त्यालाही शेजारी बसवलं. मग तो जो ट्रकवर क्लीनर म्हणून पळाला, तो पुढं ड्रायव्हर झाला आणि सत्त्याहत्तर साली कतारमध्ये डंपर चालवायला आला. इंडस्ट्रियल एरियातल्या कॅम्पवर त्याला सगळे 'केरबा ड्रायव्हर' म्हणत, आणि त्याला तेच बरं वाटायचं.

रहमान राजापूरचा. एका जपानी इंजिनिअरची गाडी चालवायचा. दोघांची ओळख गॅरेजात झाली आणि मराठीमुळं टिकली.

"शुक्रवारी काय करतोस?" एकदा रहमाननं विचारलं.

"काय करनार? कपडे धुतो, झोपतो."

"मग चल माझ्याबरोबर दुहैलला. साहेबांच्या मॅडमनी बंगल्यातल्या दोन खोल्यांत त्यांच्या देशातल्या हातकामाच्या वस्तू मांडल्यात. म्युझियम म्हणतात त्याला. कुणीही यावं म्हणतात, पण फिरकत नाही कोणी. मॅडम बिचाऱ्या वाट बघत बसतात."

केरबाला म्युझियमचं काही पडलेलं नव्हतं. पण खोलीत बसून कंटाळा आला होता, म्हणून धुतलेला शर्ट घालून तो निघाला.

साहेबांच्या मॅडम, मोरिताबाई, पन्नाशीच्या, बारीक चणीच्या. दारात वाकून त्यांनी दोघांना आत घेतलं. एवढं कुणी आपल्यासाठी वाकतंय म्हटल्यावर केरबा गडबडला आणि चपला काढता काढता त्यानंही नमस्कार केला. पहिल्या खोलीत निळीत रंगवलेलं जाडंभरडं कापड होतं, तेलकट कागदाची छत्री होती, आणि आत बघितलं तर तोंड दिसावं असा काळा चकचकीत वाडगा होता. बाई इंग्रजीत सांगायच्या, रहमान मराठी करायचा. केरबा मान डोलवत पुढं सरकत होता.

दुसऱ्या खोलीच्या दारात मात्र त्याचे पाय थांबले.

खोलीत एकच काचेचं कपाट होतं. त्यात वरून उजेड सोडलेला आणि मधोमध एक टोपली. बांबूची टोपली, बाकी काही नाही.

आधी त्याला वाटलं, चेष्टा आहे. मग तो जवळ गेला. काचेला नाक लागेल इतका जवळ. टोपली विणलेली होती खरी, पण बांबू चिरून काढलेली इतकी बारीक पाती त्यानं जन्मात बघितली नव्हती. बापाचा हात गावात सगळ्यांत बारीक, त्याची पाती गवताच्या काडीएवढी निघायची. ही शेवयांसारखी होती. आणि एकसारखी, कुठं जाड नाही, कुठं फाटलेली नाही. पोटापासून गळ्यापर्यंत वीण हळूहळू दाट होत गेलेली, जशी संध्याकाळ दाट होत जाते. रंगही नेहमीचा नव्हता. तांबूस काळा, मधासारखा.

केरबाच्या अंगावर काटा आला.

"रंग दिलाय का इचारा," तो रहमानला म्हणाला.

रहमाननं विचारलं. बाई बोलत राहिल्या, रहमान सांगत गेला. "रंग नाही म्हणतात. हा बांबू एका जुन्या घराच्या छपरातला. खाली चूल पेटायची. शंभर वर्षं धूर लागला, तेव्हा असा रंग आला. घर पाडलं तेव्हा विणणाऱ्यानं तो बांबू मागून घेतला."

"धूर," केरबा पुटपुटला. त्याचा बापही नवी सुपं चुलीवर टांगायचा, कीड लागू नये म्हणून. पोरानं धुरानं खोकत 'कशाला हे' म्हणावं आणि बापानं नुसतं हसावं.

कपाटाजवळ एका म्हाताऱ्याचा फोटो होता. चटईवर मांडी घालून बसलेला, तोंडात पात्याचं एक टोक धरलेलं. खाली त्याचं नाव मोठ्या अक्षरांत.

"हे कोन?"

"विणणारा," रहमाननं बाईंना विचारून सांगितलं. "अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. ही टोपली करायला पाच महिने लागले त्याला."

केरबा बराच वेळ त्या फोटोकडं बघत राहिला. बाप अगदी असाच धरायचा पातं दातांत. पण बापाचं नाव कुणी कुठल्या टोपलीवर लिहिलं नव्हतं.

"रहमानभाई, त्यास्नी इचारा, या म्हाताऱ्याला गावात लोक घरात घेतात का?"

रहमान त्याच्याकडं बघू लागला. "हे कसं विचारू, केरबा?"

"हाय तसं इचारा."

रहमाननं आपल्या परीनं विचारलं. बाईंना प्रश्न कळेना. त्यांनी दोनदा विचारून घेतला. मग हळू आवाजात काही म्हणाल्या.

"मॅडम म्हणतात, लोक लांबून त्याच्या घरी येतात. तो विणत असला तर दारातच बसून राहतात, त्याचा हात थांबेपर्यंत."

केरबा खाली बघू लागला. मग एकदम म्हणाला, "माझा बाबा हेच करतो. आमी बुरूड. मलाबी येतंय."

रहमाननं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आणि बाईंकडं वळून इंग्रजीत सांगितलं. बाईंनी दोन्ही हात तोंडाशी नेले. पुन्हा वाकल्या, आता आधीपेक्षा खाली.

मग त्यांनी टोपलीच्या काठाकडं बोट केलं. काठाची एक बांधणी तडकली होती. इथं आल्यावर झालं, त्या म्हणाल्या, काय करावं कळत नाही.

केरबानं लांबूनच पाहिलं. "एसीची हवा कोरडी. बांबूला तहान लागलीय. याला हात लावू नका, माझाबी नको, आपली ती लायकी न्हाई. कपाटात वाटीभर पानी ठेवा, कोपऱ्यात. रोज बदला. पुढं तडकायचं न्हाई."

रहमाननं ते सांगताच बाईंनी आतून पाण्याची वाटी आणली आणि दोन्ही हातांनी धरून कपाटात ठेवली.

त्या आठवड्यात केरबानं घरी पाठवायची कॅसेट भरली. पत्र लिहिण्यापेक्षा ते सोपं, आणि बापाला वाचता येत नव्हतं. एरवी तो तब्येत आणि हवा एवढंच बोलायचा. या वेळी अर्धी बाजू टोपलीवर बोलला. फोटोतल्या म्हाताऱ्याबद्दल सांगताना एकदा टेप थांबवून पुन्हा सुरू केला.

दीड महिन्यानं उत्तराची कॅसेट आली. आधी आईचं बोलणं, मग खूप वेळ खरखर, मग बापाचा आवाज, घसा खाकरून: "समदं सांगितलंस, पर बूड कसं धरलंय ते न्हाई सांगितलंस. चौकोनी हाय का सहा कोनाचं? आनि एवढी बारीक पाती बुडाला वळवली कशी? नीट बघून सांग."

केरबानं कॅसेट मागं फिरवून तेवढंच पुन्हा ऐकलं. उभ्या आयुष्यात बापानं त्याला पहिल्यांदाच काही विचारलं होतं.

पुढच्या शुक्रवारी तो एकटाच बस बदलत दुहैलला पोचला. तोडक्या इंग्रजीत, हातवारे करून त्यानं सांगितलं: फादर, बास्केट, खाली. बाईंना लगेच कळलं. त्यांनी कपाट उघडलं, चटईवर पांढरं कापड अंथरलं, टोपली उलटी ठेवली आणि बाजूला होऊन त्याला जागा दिली.

केरबा गुडघ्यांवर बसला. सहा कोनी वीण होती. मधल्या सहा कोनांतून पाती सुटत होती, दुसऱ्या पात्यांखाली जात होती, पुन्हा वर येत होती. एक पातं त्यानं नजरेनं धरलं आणि ते सुरू कुठं झालं ते शोधू लागला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पुन्हा मधून सुरुवात केली. बाई शेजारी चटईवर येऊन बसल्या आणि त्याच्याबरोबर बघू लागल्या.