शुक्रवारचा वास

आमची कामवाली बायडाबाई पिते, हे मी तीन शुक्रवारांत ओळखलं. मला कोणी संशयी म्हणत असेल तर म्हणू दे. नाशिकहून सिल्वासाला येऊन चार वर्षं झाली होती, आणि डोळ्यांत तेल घालून राहिलं नाही तर इथे लोक घर धुऊन नेतील, अशी माझी खात्री होती. शिवाय गाव तरी कसलं! शेजारी गुजरातेत दारूबंदी, म्हणून अर्ध्या गुजरातची तहान इथे येऊन भागायची.

शुक्रवारच का, तेही उघड होतं. शुक्रवारी वीज बंद, म्हणून कारखाने बंद. म्हणजे गुरुवारी संध्याकाळी मसाटच्या कामगारांच्या चाळींत बाटल्या उघडणारच. बायडाबाई नंदुरबारकडची, नवरा सुताच्या कारखान्यात. तो घरी आणत असणार आणि ही त्यातलीच घेत असणार, असा हिशेब मी मनात मांडून टाकला.

आमच्या घराची वीज कारखान्यांच्याच तारेवर होती. त्या दिवाळीनंतर माझ्या नवऱ्याच्या, विलासच्या, कंपनीनं आम्हाला डिझेलचा जनरेटर दिला. विलास तिथे मेंटेनन्स मॅनेजर. कारखाना बंद म्हणजे दुरुस्तीचा दिवस, त्यामुळे शुक्रवारी तो घरी कधीच नसायचा. स्वयंपाकघरामागे कोठीची खोली, तिच्यामागे जनरेटरची, मध्ये फक्त फळ्यांचं एक दार. बाहेरच्या भिंतीला मोठी जाळी होती आणि तिच्यातून धुराचा पाइप हातभर अंगणात आला होता, नेमका माझ्या कपड्यांच्या दोरीसमोर. पहिल्याच शुक्रवारी विलासचे पांढरे शर्ट काळे झाले. मी बागकाम करणाऱ्या भिकाकडून तो पाइप जाळीच्या आतपर्यंत कापून घेतला आणि जाळीवर प्लायवूड ठोकून घेतलं.

"बाई, मंग धूर कठे जाई?" भिकानं विचारलं.

कामाचा कंटाळा, दुसरं काय! "जाईल छपराच्या फटीतून," मी म्हटलं. विलासला यातलं काही सांगितलं नाही. तो कारखान्यातली शंभर मशीनं सांभाळायचा, घर माझ्याकडे होतं.

वीज आली की कोठीतल्या भिंतीवर एक लाल दिवा पेटायचा. मग शेजारचा दांडा फिरवून जनरेटर बंद करायचा. कधी दोनला येई, कधी पाचला. कोणीतरी नजर ठेवायला हवी, म्हणून बायडाबाईला मी तिथे तांदूळ निवडत बसवायची.

प्लायवूड ठोकल्यानंतरच्या पहिल्या शुक्रवारी तिनं निवडलेल्या तांदळात खडे निघाले. दुसऱ्या शुक्रवारी उठता उठता तिचा तोल गेला आणि लोणच्याची बरणी फुटली. तिसऱ्या शुक्रवारी मी कोठीत गेले तर लाल दिवा पेटलेला, आणि ही भिंतीला टेकून झोपलेली. चेहरा लाल, जीभ जड.

"डोकं दुखस बाई. गरगरस," ती म्हणाली.

म्हणे डोकं दुखतं! सोमवारी दुखत नाही, मंगळवारी दुखत नाही. "तोंड उघड," मी म्हटलं. एरवी मी तिला अहो-जाहो करायची. ती माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती. मी वाकून तिच्या तोंडाचा वास घेतला. डिझेलशिवाय दुसरा वास नव्हता. तेव्हा तर माझी खात्रीच पटली. डिझेलच्या वासाखाली दारूचा वास लपतो, म्हणूनच ही बया त्या खोलीत निमूट बसते! तिला तिथे मीच बसवलं होतं, हे मला त्या घडीला आठवलं नाही.

"देवनी आन, मी पेली नही," ती रडत म्हणाली. मी तिला काढून टाकलं. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण संध्याकाळी मी कॉलनीत फिरून तिची बाकीची तीन घरं सावध केली. आठवड्याभरात तीही घरं सुटली. बायडाबाई पिते, हे कॉलनीत सगळ्यांना ठाऊक झालं.

पुढच्या शुक्रवारी दिव्यावर नजर ठेवायला मी स्वतः बसले. सोबत तांदूळ घेतले. अर्ध्या तासात कपाळ ठणकायला लागलं. ऊन असेल, मी म्हटलं. मग खडे दिसेनात. सुपातले तांदूळ पसरले तरी हात उचलवेना, आणि बसल्या जागी इतकं छान वाटायला लागलं की उठायचं कशाला, असं झालं.

विलास त्या दिवशी अवजार विसरला म्हणून दुपारी परत आला. त्यानं मला दंडाला धरून उठवलं. मला काहीतरी सांगायचं होतं, पण तोंडातून नुसतं बरळणं निघालं.

"ज्योती," तो म्हणाला, "तू प्यायली आहेस का?"

मग त्याला धुराचा वास आला. त्यानं जनरेटर बंद केला, मला अंगणात ओढलं आणि पहारीनं ते प्लायवूड उखडून काढलं. जाळीतून धुराचा लोट बाहेर पडला. "हे कुणी ठोकलं?" त्यानं विचारलं. "अजून तासभर बसली असतीस तर उठली नसतीस." मी ओकत होते. ओकता ओकता मला समोर बायडाबाई दिसत होती, तीन शुक्रवार त्याच जागी बसलेली. मला माझी एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

रविवारी मी मसाटला गेले. चाळीच्या नळावर बायका रांगेत होत्या. बायडाबाई हंडा खाली ठेवून उभी राहिली. मी सगळं सांगितलं: जाळी, पाइप, धूर, माझं डोकं. ते जरा मोठ्यानंच सांगितलं, बायकांनाही ऐकू जावं म्हणून. तिनं मध्येच हात वर केला.

"तोंड उघाडा," ती म्हणाली.

मी उघडलं. नळावरच्या सगळ्या बायका बघत होत्या. ती पुढे झाली, सावकाश वास घेतला आणि मागे सरली.

"वास नही येत," ती म्हणाली. "आते हाई तुमनी कालनीमा सांगा. एकेक दारवर जाईसन, मना संगे."

तिनं हंडा शेजारणीकडे दिला आणि पदर खोचून माझ्याबरोबर निघाली. पहिलं दार शैलजाचं होतं, बायडाबाईच्या सुटलेल्या तीन घरांपैकी एक. मी बेल वाजवली आणि ती दार उघडेपर्यंत काय बोलायचं ते जुळवत राहिले. बायडाबाई माझ्या शेजारी उभी होती, आणि तिची नजर दारावर नव्हती, माझ्या तोंडावर होती.