ग्लेनिस ऑर्मरॉड नापास

ग्लेनिस ऑर्मरॉडने एकतीस वर्षं लोकांना नापास केलं. तसं पासही केलं, पण बेकप गावाच्या लक्षात राहिले ते नापासच. ती ड्रायव्हिंगची परीक्षा घ्यायची. शेजारच्या सीटवर बसायचं, मांडीवर पॅड ठेवायचं, चाळीस मिनिटं "पुढे डावीकडे वळा" याखेरीज तोंडातून अवाक्षर काढायचं नाही, आणि गाडी थांबली की म्हणायचं, "सॉरी, या वेळी नाही." गावात एकही रस्ता असा नव्हता की जिथे तिने कुणाला रडवलं नव्हतं. बेकरीतली बाई तर अजूनही तिच्या पावाची पिशवी काउंटरवर आपटायची. कारण काय, तर तेरा वर्षांपूर्वी परीक्षेत त्या बाईने आरसा न बघता लेन बदलली होती आणि ग्लेनिसने तिला नापास केलं होतं.

ग्लेनिसला त्याचं काही वाटत नसे. "मी कुठे नापास करते? ते होतात," असं ती म्हणायची, आणि तिला ते खरंच वाटायचं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या महिन्यात तिचा नवरा क्लिफ सकाळच्या चहाला म्हणाला, "अगं, तू आता मला गुण द्यायला लागलीयेस."

"काहीतरीच काय!"

"काल मी गाडी मागे घेत होतो तर तू खिशात पेन शोधत होतीस. आपण कुत्रा आणू या. त्याच्यावर लक्ष ठेव, मला सोड."

म्हणून एका शनिवारी दोघं टेकडीवरच्या प्राणी-आश्रयात गेली. तिथे शेवटच्या पिंजऱ्यात बिशप होता. नऊ वर्षांचा, काळा, आखूड पायांचा, कुठल्याच जातीत न बसणारा. गळ्याभोवती पाद्र्याच्या कॉलरसारखा पांढरा पट्टा, म्हणून हे नाव. डावा कान अर्धाच. चौदा महिने तो तिथे पडून होता. बाकीची कुत्री माणसं दिसली की उड्या मारत, शेपट्या हलवत, केविलवाणी तोंडं करत. बिशप बसल्या जागेवरून ग्लेनिसकडे एकटक बघत राहिला आणि मग एक उसासा टाकून त्याने तोंड फिरवलं.

"हा माझ्यासारखा आहे," ग्लेनिस म्हणाली.

"दिसतंय," क्लिफ म्हणाला.

अर्ज एकोणीस पानांचा होता. तो भरायला त्यांना दोन संध्याकाळी लागल्या. 'कुत्रा पलंगावर चढल्यास आपण काय कराल?' या प्रश्नावर क्लिफ म्हणाला, "सरकून घेऊ, असं लिही." ग्लेनिसने लिहिलं, 'प्रेमाने पण ठामपणे खाली उतरवू.' 'आपला घटस्फोट झाल्यास कुत्रा कोणाकडे राहील?' हा प्रश्न चौदाव्या पानावर होता. अडतीस वर्षांच्या संसारात दोघांनी घटस्फोटाचा विषय पहिल्यांदाच काढला, आणि दोघांनाही कुत्रा हवा होता. त्या रात्रीचं जेवण जरा गप्पगप्पच झालं.

पशुवैद्याचं शिफारसपत्रही हवं होतं. आता ज्यांच्याकडे प्राणीच नाही त्यांच्याकडे पशुवैद्य कुठला? ग्लेनिस गावातल्या दवाखान्यात गेली. डॉक्टर म्हणाले, "कुठला प्राणी?"

"अजून नाही."

"मग मी पत्र कशाचं देऊ?"

"प्राणी मिळावा म्हणून."

बराच वेळ हो-नाही झाल्यावर त्यांनी लिहून दिलं, 'मिसेस ऑर्मरॉड यांनी कुठल्याही प्राण्याला इजा केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.' ग्लेनिसने ते जपून पाकिटात घातलं.

मग घर बघायला आश्रयाच्या व्यवस्थापक मिसेस एन्टविसल आल्या. साठीच्या, रबरी बूट घातलेल्या, हातात पॅड घेतलेल्या. ग्लेनिसने सकाळी उठून आल्याचा केक केला होता. बाईंनी केकला हात लावला नाही. त्या खोल्याखोल्यांतून मुकाट फिरल्या. मधूनच थांबायच्या आणि पेन कागदावर कुरकुरायचं. ग्लेनिस मागोमाग फिरत तो आवाज ऐकत होती. आयुष्यभर हा आवाज तिने पेनाच्या मागच्या बाजूने ऐकला होता; समोरून तो असा ऐकू येतो हे तिला ठाऊकच नव्हतं.

मागच्या अंगणात मिसेस एन्टविसल यांनी टेप काढली. "कुंपण पाच फूट आठ इंच आहे. सहा लागतं."

"अहो, चार इंचांनी काय होतंय? त्याला खुर्चीवर चढताना धाप लागते!"

"नियम आहे."

आणि मग ग्लेनिसने ते सगळं केलं, जे करणाऱ्या माणसांची तिला कीव यायची. तिने सांगितलं की तिच्या आईने वीस वर्षं कुत्री पाळली आणि एक पळालं नाही. शेजाऱ्यांचं कुंपण तर चारच फुटी आहे, हेही सांगितलं. आज नेमकं तिचं डोकं दुखतंय, असंसुद्धा सांगून झालं. परीक्षेत नापास झालेले लोक जी कारणं देतात ती तिला पाठ होती. त्यांतलं एकही तिने वगळलं नाही. शेवटी तिने कुंपण वाढवायचं कबूल केलं, तेव्हा बाईंनी आत येऊन टेबलाशी बसत पान उलटलं.

"घरी लहान मुलं येतात?"

टेबलाखालून क्लिफने तिच्या पायाला पाय लावला. पण ग्लेनिसला खोटं बोलता येत नसे. तेवढी एक गोष्ट तिला कधीच जमली नव्हती.

"नात येते. टिली. चार वर्षांची आहे. दर रविवारी."

पेन थांबलं. "आठ वर्षांखालचं मूल चालणार नाही."

"येते म्हणजे राहत नाही हो. जेवते आणि जाते."

मिसेस एन्टविसल यांनी पेनाला टोपण लावलं. "सॉरी, मिसेस ऑर्मरॉड. या वेळी नाही."

दार लागल्यावर क्लिफ म्हणाला, "ती म्हणाली तेसुद्धा अगदी तुझ्याच सुरात."

"एक शब्द बोलू नकोस."

त्याच संध्याकाळी तिने आश्रयाच्या विश्वस्तांना चार पानी पत्र लिहिलं आणि क्लिफला वाचून दाखवलं. 'अमानुष' हा शब्द त्यात तीनदा होता.

"तुलाही अशी पत्रं यायची ना? त्यांचं काय करायचीस?"

"फाइलला लावायची."

"वाचून?"

ग्लेनिसने जरा विचार केला. "पहिली ओळ वाचायची."

पत्र तिने पोस्टात टाकलंच. आठवड्याने दोन ओळींचं उत्तर आलं: 'आपल्या भावना आमच्यापर्यंत पोहोचल्या. निर्णयात बदल होणार नाही.' स्वल्पविरामाचासुद्धा फरक नव्हता. हेच उत्तर ती एकतीस वर्षं पाठवत आली होती.

पण बिशपचा तो उसासा काही डोक्यातून जाईना. कुत्रा देत नाहीत तर निदान फिरवायला तरी देतील, म्हणून तिने स्वयंसेवक व्हायला नाव दिलं. तर त्यालाही परीक्षा! वीस मिनिटांची: साखळी लावायची, दोन फाटकांतून बाहेर पडायचं, शेताला वळसा घालून परत यायचं. ग्लेनिस हसली. परीक्षा म्हणजे काय ते तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पहिलं फाटक उघडलं, आत आली, आणि ते लावण्याआधीच दुसरं उघडलं. तेवढ्यात साखळीचा चाप नीट बसला नव्हता हेही कळलं, कारण बिशप तिच्या हातातून निसटून शांतपणे वाहनतळावर गेला आणि पोस्टमनच्या गाडीसमोर जाऊन बसला. त्याला परत आणायला दोन माणसं आणि एक सॉसेज लागलं.

"ही गंभीर चूक," मिसेस एन्टविसल म्हणाल्या.

"माहितीये," ग्लेनिस म्हणाली.

घरी सांगितलं तेव्हा क्लिफ हसता हसता जिन्यावरच बसला, त्याला उभं राहवेना. गावभर बातमी जायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी बेकरीतल्या बाईने पावाची पिशवी अलगद ठेवली, वर क्रीमचा एक बन ठेवला आणि म्हणाली, "असू दे हो. पुन्हा बसा. पहिल्या वेळी सगळ्यांचंच असं होतं." ग्लेनिसने बन घेतला. तो छान होता, हे तर आणखीनच मनाला लागलं.

दुसऱ्या वेळी ती पास झाली. मग मंगळवार, गुरुवार, शनिवार ती बिशपला तळ्याकाठच्या वाटेने न्यायची. तो चांगला चालायचा असं नाही. बदकांवर भुंकायचा, बाकांवर पाय वर करायचा, आणि निम्म्या वाटेत कंटाळून बसकण मारायचा. मग तीही बसायची. पाचव्या की सहाव्या वेळी त्याने तिच्या बुटावर हनुवटी टेकली. तिचा पाय बधिर झाला तरी तिने तो हलवला नाही.

आणि तिथेच तिच्या डोक्यात किडा शिरला. हा इतका गरीब कुत्रा, हा टिलीला काय करणार? एकदा दोघांची गाठ घालून द्यावी, म्हणजे नियम किती खुळा आहे ते सिद्धच होईल. फिरवताना सोबत दुसरं कुणी नको, असा नियम होता. ग्लेनिसने उभ्या आयुष्यात पिवळ्या दिव्यावर गाडी पुढे काढली नव्हती. पण ऑक्टोबरातल्या एका शनिवारी क्लिफ टिलीला घेऊन तळ्याकाठी 'सहज' आला.

सुरुवात झकास झाली. बिशपने टिलीचे बूट हुंगले. टिलीने त्याला बिस्किट दिलं, ते त्याने हळूच घेतलं. ग्लेनिसने क्लिफकडे बघितलं, बघ, म्हणून. तेवढ्यात टिलीने वाकून दोन्ही हातांनी बिशपच्या गळ्याला मिठी मारली आणि तिचा हात त्याच्या तुटक्या कानाला लागला.

पुढचं सगळं क्षणात झालं. दात वाजल्याचा आवाज आला, ग्लेनिसने साखळी ओढली, क्लिफने पोरीला उचललं. टिलीच्या जाकिटाची बाही कोपरापासून मनगटापर्यंत फाटली होती आणि आतला कापूस बाहेर आला होता. हाताला ओरखडासुद्धा नव्हता. बिशप जमिनीला चिकटून थरथरत होता.

"आजी," टिली बारीक आवाजात म्हणाली, "त्याला माझं जाकीट आवडलं नाही."

 ग्लेनिस तिथेच ओल्या गवतावर बसली.

आश्रयाच्या दाराशी एक वही असायची. 'फेरीत काही विशेष घडलं का?' असा रकाना होता त्यात. लोक लिहायचे, 'नाही', किंवा 'बदक दिसलं'.

"लिहू नकोस," क्लिफ म्हणाला. तो अजून पांढराफटक होता. "कुणी बघितलं नाही. आणि तू लिहिलंस, तर त्या बिचाऱ्याचं काय करतील कुणास ठाऊक."

कुणी बघितलं नाही. हे वाक्य तिला किती जणांनी ऐकवलं असेल, याची गणतीच नव्हती. ऐकून तिला नेहमी राग यायचा. आज पहिल्यांदाच ते किती जवळचं वाटतं ते कळलं. ती बराच वेळ गाडीत बसून राहिली. मग आत गेली आणि तो रकाना भरून खालच्या दोन ओळींवरही लिहिलं: काय झालं, कसं झालं, आणि चूक कुत्र्याची नव्हे, माझी. वही तिने स्वतःच मिसेस एन्टविसल यांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

बाईंनी वाचलं. "मुलगी ठीक आहे?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. सूप मागतेय."

मिसेस एन्टविसल यांनी खुर्चीला पाठ टेकली. "तो कान आहे ना त्याचा, तो आधीच्या घरातल्या मुलांनी कापला. कात्रीने. खेळता खेळता."

 ग्लेनिस म्हणाली, "हे तुम्ही मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"आधीच्या घराची माहिती गुप्त ठेवायची असते. नियम आहे."

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. हसू आधी मिसेस एन्टविसल यांना फुटलं, आणि ते बराच वेळ थांबलं नाही.

"तुमच्या कुंपणाचं सांगू?" डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तो नियम शुद्ध मूर्खपणा आहे. एकदा एक हस्की पळाला, तेव्हा सगळ्यांसाठीच करून ठेवला."

"मग काढत का नाही?"

"समितीची बैठक घ्यावी लागते. तुम्ही सरकारात होतात, तुम्हाला काय सांगायचं?"

"माझं काय करणार?"

"चार आठवडे फिरवायला बंदी."

"आणि त्याचं?"

"त्याचं काही नाही. वहीत चूक तुमची आहे म्हणून लिहिलंय की." वही मिटून त्या म्हणाल्या, "अकरा वर्षं झाली या वहीला. स्वतःविरुद्ध कुणी लिहिलेलं मी पहिल्यांदा बघतेय, माझे बाई."

चार आठवडे ग्लेनिस घरात येरझारा घालत होती. क्लिफने दोनदा तिलाच फिरायला नेलं. पाचव्या सोमवारी फोन आला. बिशपला पिंजऱ्यात सर्दी धरली होती, कुणाच्या तरी घरी तात्पुरतं ठेवायला हवं होतं. तात्पुरत्या सांभाळाचा अर्ज दोन पानांचा होता. 'कुंपण आहे का?' एवढंच विचारलं होतं. ग्लेनिसने 'हो' लिहिलं. एक अट मात्र मिसेस एन्टविसल यांनी हाताने घातली: टिली या घरात येणार नाही. ग्लेनिसने ती दोनदा वाचली आणि खाली सही केली. या वेळी तिला वाद घालावासाच वाटला नाही.

ते तात्पुरतं दर तीन महिन्यांनी वाढवून घ्यावं लागतं. आत्तापर्यंत पाच वेळा वाढवून झालंय. बिशप पलंगावर झोपतो; प्रेमाने आणि ठामपणे उतरवायचा प्रयत्न पहिल्या रात्री झाला, तेव्हा क्लिफ खाली पडला. बिशप घोरतो, आणि त्याच्या पोटातला वारा असा की पाहुणे खिडकी उघडायला सांगतात.

रविवारी आता ग्लेनिस बसने लेकीकडे जाते, क्लिफ घरी थांबतो. टिली दारातच आजीच्या कोटाला नाक लावते. "भिजला होता का गं आज?" ती विचारते. "तळ्यात उतरला," ग्लेनिस सांगते. मग जेवण होईपर्यंत दुसरा विषय निघत नाही. टिलीला आठ वर्षं पूर्ण व्हायला अजून तीन वाढदिवस आहेत, आणि बिशपच्या वयाचं कुणी काय सांगावं. टिली त्याची चित्रं काढून देते. त्या चित्रांत त्याला दोन्ही कान असतात. ग्लेनिस ती घरी आणून खालच्या बाजूला, त्याच्या नाकाच्या उंचीवर, भिंतीला लावते. त्यांतली दोन त्याने खाल्ली.