गोलपुढची माती

नगरपालिकेच्या प्रयोगशाळेत नमुने मिसळायची एक रीतच होती. बागेतल्या दहा-पंधरा जागांहून थोडी थोडी माती घ्यायची, बादलीत ढवळायची आणि त्यातून एकच बाटली तपासायची. खर्च वाचतो. सुल्मानं वर्षानुवर्षं तसंच केलं होतं. या वेळी मात्र फुटबॉलच्या गोलपुढची माती तिनं वेगळी ठेवली. पोरांनी घसरून घसरून तिथलं गवत पार घालवलं होतं.

मोंतेविदेओ शहरातली ही बाग शिसं वितळवायच्या जुन्या भट्टीच्या मळीवर माती पसरून केलेली. बाकी बागेतलं शिसं मर्यादेत निघालं. गोलपुढचं मर्यादेच्या सहापट.

"मग तेही मिसळ," प्रयोगशाळेचा प्रमुख बेंतांकोर म्हणाला आणि थर्मासमधलं गरम पाणी त्यानं माते नावाचा कडू चहा प्यायच्या भोपळ्याच्या पेल्यात ओतलं. "मिसळलं की बसतंय मर्यादेत. रविवारी उद्घाटनाचा सामना आहे, बाई. मैदानावर नवे दिवे लागलेत."

"गोलकीपर सगळ्या बागेत मिसळून पडत नाही. एकाच जागी पडतो."

"सही कर, नाहीतर दुसऱ्याची घेईन."

"घ्या."

तिथून ती थेट बागेत गेली. तिथं मुलांचा प्रशिक्षक ओमेरो चुन्यानं रेघा मारत होता. तिनं सगळं सांगितलं, तसा तो हसला.

"मी याच मातीत लोळलो. मला काय झालं? माझी अक्कल कमी आहे ती शिशामुळे, असं म्हणायचंय?"

"तुला ते शिशाशिवायही जमलं असतं. तुझा गोलकीपर कोण?"

ओमेरोनं मान वळवली. त्याची लेक माइते नुकतीच चेंडूवर झेपावून उठत होती. तोंडाला लागलेली माती तिनं हातमोज्यानं पुसली. त्या हातमोज्यालाही मातीच होती.

ओमेरोनं चुन्याचा डबा खाली ठेवला.

"सामना रद्द केला तर लोक मला सोलून काढतील," तो म्हणाला.

"रद्द कशाला? रस्ता आहे की."

"डांबरावर पोरांचे गुडघे फुटतील."

"गुडघे भरून येतात, ओमेरो."

रविवारी बेंतांकोर पाहुण्यांना घेऊन आला, तेव्हा नव्या दिव्यांखाली मैदान रिकामं होतं. दोन्ही गोल रस्त्याच्या मधोमध उभे होते, कडेला बायका खुर्च्या टाकून बसल्या होत्या आणि सामना रंगात आला होता.

"ते गोल आधी आत आणा!" बेंतांकोर गरजला.

"आणतो की," ओमेरो ओरडला. "पण मग गोलकीपर तुम्ही! सूट काढू नका, शोभेल मातीत!"

बायका खदखदून हसल्या. लाल झालेला बेंतांकोर सुल्माजवळ आला. "उद्या कामावर येऊ नकोस."

"येणार. येताना आणखी तीन बागांतली गोलपुढची माती आणणार. वेगवेगळ्या पिशव्यांत." ती जागची हलली नाही. "आणि इथला आकडा या सगळ्यांना सांगून झालाय."

एवढ्यात बस आली. ड्रायव्हरनं हॉर्न दाबला, पुन्हा दाबला, मग खिडकीतून डोकं काढून विचारलं, "अहो, रस्ता कुणाच्या बापाचा?"

खरचटलेल्या गुडघ्यांनिशी माइते गोलमध्ये उभी होती. तिनं त्याच्याकडे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा जरा! पेनल्टी आहे!"

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.