टकली सवत

माझी सवत टकली आहे, तिला मिशा आहेत आणि ती घड्याळं दुरुस्त करते. झिंज्या उपटाव्यात म्हटलं तर उपटायला झिंज्याच नाहीत.

हे दुखणं घरात आणलं मीच. नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. शुद्धीत असला की आठव्या मजल्यावर लोंबकळून तारा जोडेल, पण संध्याकाळी स्वतःच्या घराचा जिना त्याला चढता येत नसे. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगचा पत्ता मी दवाखान्याच्या फलकावर पाहिला आणि शिवणाच्या खडूने पिशवीवर उतरवून आणला. दर गुरुवारी सहा वाजता, शाळेचा तळमजल्यावरचा वर्ग. पहिले चार गुरुवार मनगट धरून मीच त्याला दारापर्यंत नेलं. पाचव्या गुरुवारी म्हणाला, "आता मी एकटा जातो." मी वेडी, आनंदाने रडले.

सात महिने झाले, थेंब नाही. हातांची थरथर गेली, मुलीची गणितं घ्यायला लागला. लोक म्हणतात, नशीब काढलंस. काढलंच. पण अकरा वर्षं ज्याच्या उलट्या मी पुसल्या, तो आता मनातलं सगळं घड्याळजीला सांगतो. घड्याळजी त्याचा स्पॉन्सर, म्हणजे नवख्याला सांभाळणारा जुना सभासद. तलफ आली की त्याला फोन. कामावर साहेब ओरडला की त्याला फोन. "एवढं काय बोलता रे?" मी विचारलं, तर म्हणे, "तिथलं तिथेच ठेवायचं असतं."

मागच्या आठवड्यात तो गॅलरीत फोनवर होता आणि मी आत मशीनवर. खिडकी उघडी होती. तो म्हणत होता, "मुलगी झाली त्या दिवशी मी दवाखान्याच्या फाटकापर्यंत गेलो होतो. आत जायची हिंमत झाली नाही. तिथूनच गुत्त्यावर वळलो."

मला त्याने सांगितलं होतं की लिफ्टमध्ये तीन माणसं अडकली होती. नऊ वर्षं मी त्या तिघांना शिव्या घातल्या. त्या दुपारी मी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या.

मग हा गुरुवार. नवरा आंघोळीला गेलेला आणि त्याचा फोन वाजला. "वहिनी, आज शाळेत रंगकाम आहे," घड्याळजी म्हणाला. "मीटिंग वाचनालयाच्या वरच्या खोलीत घेतोय. आठवणीने सांगा त्याला."

"सांगते," मी म्हणाले. मग फोन आल्याची नोंद पुसून टाकली आणि फोन होता तिथे ठेवला.

बेत साधा होता. वर्ग बंद दिसला की तो घरी येईल, आणि एक गुरुवार, फक्त एक, माझ्याशी बोलेल. मुलीला मावशीकडे धाडलं. चहाचं आधण ठेवलं. साडेसहा झाले, पावणेसात झाले, आधण आटून गेलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. शाळा ते घर, वाटेत तोच गुत्ता. सात महिने तो त्यावरून जात होता, पण मीटिंग करून.

पायात चपला कशाबशा अडकवून निघाले. गुत्त्यात शिरून एकेका टेबलावर पाहिलं. माणसं हसली, हसू देत. तो नव्हता. शाळेच्या पायरीवर सापडला. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"कुणीच आलं नाही," तो म्हणाला. "घड्याळजीचा फोन बंद. वाटलं, मलाच टाळलं सगळ्यांनी. कंटाळली असतील माणसं. दोनदा गुत्त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. मग हातांवर बसलो."

मला जे हवं होतं तेच तो मला सांगत होता, आणि मला ते ऐकवत नव्हतं.

"फोन आला होता," मी म्हणाले. "सगळे वाचनालयाच्या वर जमलेत. मी मुद्दाम सांगितलं नाही तुला."

"मुद्दाम?"

"जळले मी. फाटकाचं तू त्याला सांगितलंस. मला ती तीन माणसं सांगितलीस."

तो उठला. जबडा आवळला आणि मान गुत्त्याच्या कोपऱ्याकडे वळली. ही मान मी अकरा वर्षं ओळखते. पाय धरावेत असं वाटलं, पण मग तो मला समजावत बसला असता आणि उरलेली मीटिंगही गेली असती.

"मला काय बोलायचं ते मागाहून बोल," मी म्हणाले. "अजून अर्धा तास आहे. आधी वर जा आणि तुझी बायको कसली आहे ते त्याला सांग. काही राखून ठेवू नकोस."

तो पुढे, मी चार पावलं मागे. गुत्त्यासमोर त्याची चाल मंदावली. मीही थांबले. मग तो पुढे गेला.

वाचनालयाचा जिना चढून त्याने दार वाजवलं. घड्याळजीने उघडलं, त्याचं तोंड पाहिलं आणि नुसती खुर्ची पुढे सरकवली. नवरा बसायच्या आधीच बोलायला लागला. पहिला शब्द माझं नाव. दार लागलं.

मी खालच्या पायरीवर बसले. जळत होतेच, खोटं कशाला बोलू? पण आतला त्याचा आवाज मधेच थांबला की मी उठून उभी राही, आणि पुन्हा सुरू झाला की जिवात जीव येई.