दुसरी उदबत्ती

त्या वर्षी मलेशियातल्या इपोहच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत पुन्हा सेवेचं वारं शिरलं होतं. पाळकसाहेबांनी विचारलं, "चिनी बोलणाऱ्या गावांत कोण जाणार?" तरुण पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसली होती, आणि हात वर गेला माझा. अठ्ठावन्न वर्षांच्या विधवेचा! लोकांनी टाळ्या वाजवल्या. देवाची हाक मी ऐकली होती, हे खरंच. पण नवरा, हेंग-फात, गेल्यापासून घर खायला उठत होतं, हेही तितकंच खरं.

तैवानातल्या शिनपूला मी आले, त्याला आता चार वर्षं झाली. बंद पडलेल्या शेवयांच्या दुकानात माझं चर्च. अकरा खुर्च्या, त्यातल्या दहा रिकाम्या. भाषा माझीच, हाक्का. तरी मी परकीच. लोक गोड बोलत, वर टोमणाही मारत, "तुमचा देव चांगला आहे हो याप बाई, पण आमच्या घरात देवांची, पूर्वजांची आधीच गर्दी आहे."

अकराव्या खुर्चीत दर रविवारी फान आजी बसत. त्यांना गाणी आवडत, आणि त्याहून माझी कोंबडीची आमटी.

ऑक्टोबरात पाळकसाहेबांचं पत्र आलं. नाताळपर्यंत एक तरी बाप्तिस्मा झाला नाही, तर केंद्र बंद करून परत या. परत म्हणजे त्याच रिकाम्या घरात. मी आजींना विचारलं, तर त्या हसल्या. "एवढंच ना? बुडव की पाण्यात!"

"आजी, मग देव्हाऱ्यातली पूर्वजांच्या नावांची पाटी उतरवावी लागेल. उदबत्तीही बंद."

त्यांचं हसू मावळलं. "आठ दिवस दे मला," म्हणाल्या.

आठ दिवसांनी मी गेले. अंगणात गार वारा सुटला होता आणि आजी सुकवायची फळं सोलत बसल्या होत्या. मीही सुरी घेतली.

"सकाळी पाटीपुढे आमच्या म्हाताऱ्याला चहा ठेवते, उदबत्ती लावते," त्या म्हणाल्या. "मी तुझ्या देवाकडे गेले की त्याला कोण विचारणार? पोरं तायपेत. बिचारा तिथं एकटा बसेल गं."

याचं उत्तर मला पाठ होतं: गेलेल्यांना चहा-उदबत्ती लागत नाही, ते देवाच्या हाती असतात. चार वर्षं तेच तर सांगत होते.

"तुझा नवरा कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

माझी सुरी थांबली. हेंग-फातने शेवटपर्यंत बाप्तिस्मा घेतला नव्हता, आणि त्याविना स्वर्ग नाही असं आमची मंडळी मानते. हा प्रश्न मी पाळकसाहेबांनाही कधी विचारला नव्हता, उत्तराच्या भीतीने.

"माहीत नाही, आजी," मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

आजींनी हात पुसले आणि मला आत नेलं. पाटीपुढे चहाची एक वाटी होती, त्यांनी शेजारी दुसरी भरून ठेवली. मग दोन उदबत्त्या पेटवल्या.

"तुला हातात धरायची बंदी आहे, मला नाही. नाव सांग त्याचं."

मी त्यांचा हात अडवायला हवा होता. त्याचसाठी तर समुद्र ओलांडून आले होते.

"चान हेंग-फात," मी म्हणाले. तो गेल्यापासूनच्या सात वर्षांत ते नाव माझ्या तोंडून मोठ्याने निघालं नव्हतं.

आजींनी ते नीट उच्चारलं, वाकून सांगितलं, "चहा घे रे बाबा. बायको बरी आहे तुझी."

संध्याकाळी मी इपोहला पत्र लिहिलं. बाप्तिस्मे : एकही नाही. मग बॅग भरायला घेतली.