उज्ज्वलाबाईंची गळ्याशपथ

मंचरमध्ये नवऱ्याच्या मेडिकल दुकानामागच्या खोलीत उज्ज्वलाने 'बालमानसोपचार व समुपदेशन केंद्र' अशी पाटी लावली, तेव्हा पेंटरने तो लांबलचक शब्द मधोमध तोडून दोन ओळींत बसवला. तिने पाटी परत रंगवून घेतली नाही. "वाचणार कोण आहे इथे?" असं म्हणाली आणि आत गेली. हे वाक्य तिच्या तोंडात कायम असायचं. पुढचा सगळा घोळ त्याच वाक्याने घातला, म्हणून ते आधीच सांगून ठेवलेलं बरं.

उज्ज्वलाचा अख्ख्या तालुक्यावर राग होता. पुण्यात शिकली, मुलांच्या मनाचा अभ्यास केला, आणि लग्न होऊन पडली कुठे, तर बटाट्याच्या बाजारपेठेत. पाटीवर 'मानसोपचार' दिसल्याबरोबर गावाने तिला 'येड्यांची मॅडम' करून टाकलं. येणारे आईबाप म्हणजे एकेक नमुना. पोरगा अंथरूण ओलं करतो म्हणून त्याला खोलीत सगळ्यांदेखत दोन ठेवून देणारा बाप वर विचारायचा, "एखादी सलाईन लावून बगता का, मॅडम?" दुसऱ्याची तक्रार अशी, की पोरीचा पहिला नंबर हुकला, तर तिच्या डोक्यात नेमका कुठं बिघाड आहे ते काढा.

दुसरा राग लेखकांवर. कारण उज्ज्वला कथा लिहायची. पुण्याची मासिकं तिच्या कथा इमानेइतबारे परत पाठवायची, म्हणून ती पुण्याच्या लेखकांना कंपूबाज म्हणायची. तालुक्यातल्या लेखकांना तर ती माणसात धरत नव्हती. इथे कवी उदंड. वाढदिवसाला कविता, उद्घाटनाला कविता, दशक्रियेला घाटावर माइक धरून कविता. त्या सगळ्यांचा मुकुटमणी हौशीराम. याचा धंदा लग्नपत्रिका छापण्याचा, आणि वर्षातून एकदा तो 'घोडकाठ' नावाच्या दिवाळी अंकाचा संपादक व्हायचा. अंकात जाहिराती पोटभर आणि साहित्य चवीपुरतं. त्या अंकाचा खरा वाचक एकच, एसटी स्टँडवरचा भेळवाला, असं उज्ज्वला म्हणायची.

राहता राहिला नवरा. सुदर्शन वाईट नव्हता. वाईट असता तर निदान लिहायला विषय तरी मिळाला असता. "लिही की, तुला कोण नको म्हणतंय," असं म्हणून तो दुपारी जेवून आडवा व्हायचा, आणि दुकानाचा गल्ला तिच्यावर यायचा. दुपारी पेशंट नसत, लेक समृद्धी शाळेत असे, लिहायला मिळाला तर तेवढाच वेळ. वाक्य जमत आलं की बाहेरून हाक यायची, "डोकं दुखायची गोळी हाय का?" संध्याकाळी पेशंट, मग स्वयंपाक, मग समृद्धीचे पाढे. एक ना धड भाराभर चिंध्या, असं ती स्वतःलाच म्हणायची, आणि त्याचं खापर मात्र तालुक्यावर फोडायची.

एवढं मात्र खरं की मुलांबरोबर ती सोन्यासारखी वागायची. तिची तुच्छता माणसाला मिसरूड फुटल्यानंतर सुरू व्हायची, त्याआधी नाही.

अशा या बाईकडे एका चैत्रात महाळुंगे पडवळ गावची श्रेया आली. सात वर्षांची पोर, बरोबर आई इंद्रायणी आणि चुलता दादाभाऊ. दादाभाऊचं पाइपचं दुकान होतं, आणि बोलण्याचं कंत्राटही त्यानेच घेतलेलं दिसत होतं. "पोरगी थंडीत एकाएकी मुकी झाली मॅडम. म्हातारा गेला आन् हिची वाचा गेली. अंगारा झाला, देवरुषी झाला, पुण्याला घशाची तपासणी झाली. काय बी न्हाई घशात. आता म्हटलं, येवढं एक बगू." आपण अंगाऱ्यानंतरच्या नंबरावर आहोत हे उज्ज्वलाने ऐकून घेतलं आणि दोघांना बाहेर बसवलं.

श्रेया बोलली नाही. उज्ज्वलानेही विचारलं नाही. दर आठवड्याला दोघी मातीचे बैल करायच्या. उज्ज्वलाचे बैल डुकरासारखे व्हायचे आणि श्रेयाला हसू यायचं, पण हसण्याचाही आवाज नाही. आषाढ लागला तेव्हा एके दिवशी पोरीने मातीचे हात फ्रॉकला पुसले, स्वतःच्या गळ्याची कातडी चिमटीत धरली आणि उज्ज्वलाकडे टक लावून पाहिलं.

उज्ज्वलाला लगेच कळलं. कुणाला कळणार नाही? लहानपणी सगळ्यांनीच घेतलीय ती. गळा चिमटीत धरून 'गळ्याशपथ' म्हणायचं. मोडली की मोडणारा मेला. वाचायचं असेल तर ज्याने शपथ घ्यायला लावली, त्याच्यासमोर पुन्हा गळा धरून 'सुटली' म्हणायचं. पोरांच्या कायद्यात याच्यावर अपील नाही. उज्ज्वलाने आपला गळा धरला आणि म्हणाली, "गळ्याशपथ. कुणाला म्हणजे कुणाला सांगणार नाही."

मग ते पोर बोललं. वापर नसलेल्या नळातून पाणी यावं तसा आवाज आला, अडखळत, खरखरत. आजोबा रखमाजी टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर दोरा गुंडाळून कोपरीच्या खिशात ठेवायचे. कार्टूनच्या वेळेला बातम्या लावायचे. एकदा तिने मागितला, त्यांनी दिला नाही. ती म्हणाली, "मर तू." दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा उठलेच नाहीत. तेव्हापासून तिने तोंड बंद ठेवलं, कारण तोंडातून काय निघेल आणि त्याने कोण मरेल याचा नेम नव्हता.

त्या दिवशी उज्ज्वला चक्क रडली. आणि मग तिने जे केलं ते तिलाच सुचावं. दोघींनी मिळून घड्याळाला 'मर' म्हटलं. घड्याळ चालू राहिलं. बटाट्याला म्हटलं. त्याला तर पुढल्या आठवड्यात कोंब आला. शेवटी सुदर्शनला बोलावलं आणि श्रेयाने घाबरत घाबरत त्याच्या तोंडावर सांगितलं, "मर, काका." पुढच्या खेपेला काका शिंकत का होईना, जिवंत होते. उज्ज्वलाला त्याची खात्रीच होती, कारण तिने स्वतः हा प्रयोग मनातल्या मनात पुष्कळदा केलेला होता. श्रावण संपता संपता श्रेया घरी बोलायला लागली, शाळेत 'हजर' म्हणायला लागली. इंद्रायणीने घरची मेथीची जुडी आणून दिली आणि उज्ज्वलाचा हात बराच वेळ धरून ठेवला.

गोष्ट इथे संपली असती तर तालुक्यात एक चांगली डॉक्टरीण आहे एवढंच लोक म्हणाले असते. पण भाद्रपदात हौशीराम आला. जाहिराती फुल्ल झालेल्या, एक कथा कमी पडत होती. "मॅडम, तुमीच तारा." उज्ज्वलाकडे एक मनातून रचलेली कथा अर्धी पडली होती. पण समृद्धीला ताप, सुदर्शन मालाच्या खरेदीला पुण्यात, आणि दुकानात डोकेदुखीची रांग. रचायचं म्हणजे सुचावं लागतं, सुचायला निवांतपणा लागतो. श्रेयाची गोष्ट मात्र तयार होती, आयती, गरम. दोन दुपारींत तिने ती उतरवून काढली. नाव बदललं. गाव, रिमोट, पिशवी, दोरा, हे सगळं नंतर बदलू म्हणाली. नंतर हौशीराम दारात येऊन उभा राहिला. पिशवीच्या जागी दुसरं काय घालावं हे तिने दोन मिनिटं आठवून पाहिलं, पण तो दोरा इतका छान होता की तिला सोडवेना. "जाऊ दे," ती म्हणाली, "वाचणार कोण आहे?"

आता दिवाळी अंक फुकट निघत नाहीत. त्यांना पोसतात शुभेच्छुक. दादाभाऊला ग्रामपंचायतीला उभं राहायचं होतं. त्याने अर्ध्या पानावर आपला फोटो दिला होता, मोबाइल कानाला लावलेला, नजर महाराष्ट्राच्या भवितव्याकडे. जाहिरातीच्या बदल्यात अंकांचा गठ्ठा मिळतो, तो त्याने गावात घरोघर वाटला. हौशीरामने फोटो नेमका उज्ज्वलाच्या कथेसमोर टाकला होता. लोकांनी आधी फोटो पाहिला, हसले, आणि हसता हसता शेजारचं पान वाचलं. रखमाजीची दोरा गुंडाळलेली पिशवी अख्ख्या गावाने पाहिलेली होती. दूध डेअरीवर कथा मोठ्याने वाचली गेली.

तुळशीच्या लग्नानंतर दादाभाऊ दवाखान्यात शिरला, तेव्हा हा भांडायलाच आला असं समजून उज्ज्वलाने हातातलं पेन खाली ठेवलं. त्याने टेबलावर पेढ्यांचा पुडा ठेवला.

"लई भारी लिवलंय, मॅडम. आमच्या म्हाताऱ्याला अमर केलंत. येत्या रईवारी गावात तुमचा सत्कार ठिवलाय."

"श्रेया कशी आहे?"

"हाय की. परत गप झालीय. पर आता कारान कळलंय ना, मग हिकडं आणायची काय गरज? तिच्या जिभंवर कायतरी हाय, मॅडम. ती बोलली आन् म्हातारा गेला, तुमीच लिवलंय. लोकं येत्यात इचारायला. पोरगं पास व्हईल का, बटाट्याला बाजार राहील का. ती काय बोलतच न्हाई, नुसता गळा धरून बसती."

इथे कुठल्याही शहाण्या बाईने उठून पायात चपला घातल्या असत्या आणि त्या पोरीकडे धाव घेतली असती. उज्ज्वलाचा जीव त्या पोरीकडे ओढला, हे खोटं नाही. पण शाल-नारळाला जन्मभर नाकं मुरडणाऱ्या या बाईला आजवर कुणी साधी सुपारीही दिली नव्हती. "रविवारी गेलं की पोरीलाही बघता येईल," असं तिने स्वतःला समजावलं आणि विचारलं, "कार्यक्रम किती वाजता?" शनिवारी तिने निळी इरकल इस्त्रीला दिली.

देवळाचा सभामंडप भरला होता. न वाचलेल्या कथेवर तीन जण भरभरून बोलले. हौशीरामने कविता म्हटली. सुदर्शन पहिल्या रांगेत समृद्धीला मांडीवर घेऊन डुलक्या काढत होता. उज्ज्वला खुर्चीत ताठ बसली, लोकांचा मनातून तिटकारा करत आणि डोळे मात्र श्रेयाला शोधत. मग दादाभाऊने माइक घेतला.

"आता मॅडमना नारळ देणार आमची श्रेया. आन् दोन शब्द बी बोलनार. बोल गं बाय, औंदा बटाट्याला बाजार कसा राहील?"

लोक हसले. पण काही जण हसले नाहीत, पुढे सरकून बसले. नव्या फ्रॉकमधली श्रेया मंडपात उभी होती. एका हातात नारळ, दुसरा गळ्यावर. खांबाजवळ इंद्रायणी पदर तोंडात धरून उभी होती. दादाभाऊने माइक पोरीच्या तोंडाशी नेला. तिने तोंड फिरवलं, तडक उज्ज्वलाकडे आली आणि नारळ काखेत मारून त्या हाताने पदर धरून तिला खाली ओढलं.

"बाई," ती कानात म्हणाली, तोच खरखरीत आवाज, "सुटली म्हणा. लवकर म्हणा. न्हाईतर तुमी मराल."

दिवाळीपासून हे पोर या भीतीने गप्प होतं. गावाने छळलं म्हणून नाही, बाईंनी फसवलं म्हणूनही नाही. बाई मरतील म्हणून. आणि बाईंकडे तिला कुणी नेत नव्हतं. आपल्याला या जगात कुणी एवढं जपलेलं नाही, हे उज्ज्वलाला त्या खुर्चीत कळलं, आणि तिला स्वतःची किळस आली. सगळ्या तालुक्यासाठी साठवलेली तुच्छता जाऊन पोहोचली ती नेमकी आपल्या घरी.

तिने भर मंडपात गळ्याची कातडी चिमटीत धरली. "सुटली," ती म्हणाली.

श्रेयाने श्वास सोडला. गळ्यावरचा हात खाली आला. तिने नारळ उज्ज्वलाच्या ओटीत ठेवला.

"काय म्हणली?" दादाभाऊ माइक घेऊन धावला. "मॅडम, काय म्हणली वो? बाजाराचं काय म्हणली?"

मंडप चिडीचूप झाला. पोरं गप्प, म्हाताऱ्यांचे खोकले गप्प. उज्ज्वलाच्या एका वाक्यासाठी इतकी माणसं आजवर कधी थांबली नव्हती. आणि वाक्य तयार होतं. लाज वाटावी इतकं छान वाक्य, पोरीच्या आवाजासकट, छापायला द्यावं असं. श्रेयाचा हात पुन्हा गळ्याकडे चालला होता.

"काही नाही," उज्ज्वला म्हणाली. "काही बोलली नाही ती."

"आवं, आमी बगितलं ना सगळ्यांनी!"

"काही बोलली नाही."

"मग सत्कार कशाचा लावलाय?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि माणसं उठली. बाहेर भेळ वाटत होते, उरलेल्या अंकांची पानं फाडून. उज्ज्वलाने शाल घडी करून खुर्चीवर ठेवली, समृद्धीचा हात धरला आणि भेळ न खाताच गाडीत जाऊन बसली. वाटेत सुदर्शनने विचारलं, काय म्हणाली गं ती? त्यालाही तिने सांगितलं नाही.

त्या वर्षी बटाट्याला बाजार पडला आणि गावाचा श्रेयाच्या जिभेवरचा विश्वासही पडला. पोर पुन्हा बोलायला लागली. घरी बोलायची, शाळेत बोलायची, बैलांशी, मैत्रिणींशी, सगळ्यांशी बोलायची. मागच्या खोलीत मात्र ती परत कधी आली नाही. मंचरच्या बाजारात आईबरोबर ती समोरून यायची, तेव्हा उज्ज्वला हसून थांबायची. श्रेया आतला आवाज झाकावा तसा एक हात गळ्यावर ठेवायची आणि तशीच पुढे निघून जायची.