संगमेशचे तीन हजार एकशे चाळीस तास

उन्हाळा संपला, पेरण्या झाल्या, आणि मग हे कॉम्प्युटरच्या गेम विकणारे लोक 'उन्हाळी सेल' लावतात. मला पहिला संशय इथंच आला.

मी शंकरप्पा. एसटीत चौतीस वर्षं नोकरी केली, त्यातली शेवटची एकोणीस मार्ग तपासणीत. तुमची गाडी मध्येच थांबवून जो चढतो आणि सगळ्यांची तिकिटं मागतो, तो मी. विनातिकीट माणूस मला पायरीवरूनच ओळखू यायचा. खिडकीबाहेर बघणारा तो नसतो, मला बघून उगाच हसणारा असतो. ही विद्या निवृत्तीनंतर वाया जाऊ नये म्हणून मी ती नात्यातल्या सोयरिकींना लावली. माझी भाची अंबिका, तिची दोन स्थळं मीच मोडली. एकाची शेती चुलत्याच्या नावावर निघाली, दुसऱ्याचं आधीच एक लग्न होऊन मोडलेलं होतं. उपकार कुणी मानले नाहीत, उलट पाठीमागं मला सीआयडी म्हणतात. म्हणोत. अंबिकाचा बाप दारूनं गेला. जायच्या आधी वीस वर्षं माझ्या बहिणीनं, उज्वलानं, त्याचा मार खाल्ला. ते आमच्या घरात पुन्हा होऊ द्यायचं नाही, एवढंच माझं म्हणणं.

तिसरं स्थळ नांदेडचं. मुलाचं नाव संगमेश, विष्णुपुरीच्या कॉलेजातून इंजिनिअर झालेला. बघायला आले तेव्हा त्याच्या वडिलांनी सांगितलं, "सोलर पंपाच्या कंपनीत आहे. रोज दहा ते सात ऑफिस." मुलगा तेव्हा चहाच्या कपात बघत होता. मी ते लक्षात ठेवलं. बाकी सगळं जुळलं आणि साखरपुडा एका रविवारचा ठरला.

त्याच्या आधीच्या रविवारी दुपारी मी लातुरात बहिणीकडं गेलो, तर अंबिका कॉम्प्युटरसमोर बसलेली. ती एका बिल्डरच्या ऑफिससाठी घराचे नकाशे काढते, त्यामुळं तिच्याकडं मोठा, महागाचा कॉम्प्युटर आहे. त्याच्यावर सुट्टीच्या दिवशी ती गेम खेळते. सत्तावीस वर्षांची बाई गेम खेळते हे मी पाहुण्यांपासून लपवलं होतं, पण तिनंच पहिल्या भेटीत सांगून टाकलं, आणि मुलगाही खेळतो असं निघालं. हात कपाळाला लावण्यापलीकडं मी काय करणार!

"ये मामा, बस," ती म्हणाली. "आम्ही एक गेम घ्यायलोय. मी इथून खेळणार, तो नांदेडहून. गुरुवारी रात्री सेल संपतो."

फोन टेबलावर उभा होता, व्हिडिओ चालू होता आणि त्यातून संगमेश बोलत होता. "नमस्कार मामा."

मी खुर्ची ओढली. पडद्यावर अकरा चित्रं होती, प्रत्येकाखाली हिरव्या पट्टीत सूट. पंचाहत्तर टक्के, ऐंशी टक्के. आमच्या गंजगोलाईच्या बाजारातला कापडवालासुद्धा एवढा उदार होत नाही.

"आधी भाव चढवला असंल आन् मग उतरवला," मी म्हणालो.

"म्हणून तर हे बघायचं." तिनं दुसरं पान उघडलं. त्याच्यावर त्या गेमच्या पाच वर्षांतल्या किमती, तारखेसकट. कधी चढली, कधी उतरली, सगळ्यात कमी कधी होती. "ही बघ, मार्चमध्ये याहून स्वस्त होती. म्हणजे आता घ्यायची न्हाई."

मला गंमत वाटायला लागली. ही तर मालाची चौकशी!

मग तिनं लोकांचे अभिप्राय उघडले. चांगले सोडून आधी वाईट वाचायचे, ही तिची रीत. आणि वाईट लिहिणारा ती गेम किती तास खेळलाय ते त्याच्या नावापाशी दिसतं. "अर्धा तास खेळून शिव्या देणाऱ्याकडं लक्ष द्यायचं न्हाई. दोनशे तास खेळून शिव्या देतो, त्याचं खरं धरायचं."

पोरगी माझीच भाची, यात शंका राहिली नाही.

अकरातून एक निवडायची होती. पहिली दोघांनी मिळून खानावळ चालवायची. अंबिकाला ती आवडली होती. संगमेश म्हणाला, "ही नको, महाग आहे." दुसरी बेटावर घर बांधायची. "बघू की, पुढच्या सेलला अजून उतरंल." मध्ये एक बस चालवायची गेम आली. तिच्यात ड्रायव्हरच तिकिटं देतो आणि फुकटे प्रवासी पकडतो, हे कळल्यावर मी थोडा पुढं सरकलो, पण ती एकट्यानं खेळायची होती, म्हणून अंबिकानं काढून टाकली. मला जरा वाईटच वाटलं.

असं करत चार उरल्या. त्या चारही गेमच्या किमतीपाशी संगमेश अडला. शेवटी म्हणाला, "या वर्षी राहू दे का?"

"राहू द्यायची न्हाई," अंबिका म्हणाली. "वाटल्यास तुझी-माझी दोन्ही मी घेते. तुझी तुला भेट पाठवते."

"तसं नको."

इंजिनिअर माणूस, महिन्याला पगार, आणि अडीचशे रुपयांच्या वस्तूला एवढा विचार? एक तर चिक्कू आहे, नाहीतर कुठंतरी पाणी मुरतंय. मी हसून म्हणालो, "व्यवहाराला पक्के दिसता पाव्हणे." तो उगाच हसला. ते हसू मी ओळखलं. एकोणीस वर्षं तेच ओळखलंय.

फोन बंद करून अंबिका चहा ठेवायला आत गेली तेव्हा मी माउस हातात घेतला. तास जर कुणाचेही दिसतात, तर याचेही दिसत असतील. मित्रांच्या यादीत त्याचं नाव होतं. दाबलं आणि सगळं समोर उघडलं.

ट्रक चालवायची एक गेम. तीन हजार एकशे चाळीस तास.

आठ तासांच्या ड्युटीनं हिशेब केला तर तीनशे ब्याण्णव दिवस. वर्षाच्या वर ड्युटी झाली, तीही बिनपगारी! पण तास कॉलेजपासूनचे असतील, असं म्हणून मी पान खाली सरकवलं. खाली बिल्ले होते. गेममध्ये काही मोठं काम केलं की बिल्ला मिळतो, आणि तो कुठल्या तारखेला, किती वाजता मिळाला तेही लिहिलेलं असतं. मी खिशातली डायरी काढली. मंगळवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं. बुधवार, दुपारी तीन पंचवीस. सोमवार, बारा चाळीस. पाडव्याच्या आधीचे सगळे बिल्ले रात्रीचे नाहीतर रविवारचे. पाडव्यानंतर भर दुपारचे.

दहा ते सात ऑफिस म्हणे.

चहा मी गरमच पिऊन टाकला आणि निघालो. कुणाला काही बोललो नाही. पुरावा अर्धवट असताना बोलायचं नसतं.

मंगळवारी सकाळच्या एसटीनं नांदेडला गेलो. चौकशीला लोक शेजाऱ्यांना विचारतात आणि तिथंच फसतात. शेजारी एक तर गोड बोलतो, नाहीतर जुनं वैर काढतो. मी इस्त्रीवाल्याकडं जातो. घरात कोण कामाला जातं, कोण नाही, हे त्याला कपड्यांवरून कळतं आणि त्यात त्याचा काही स्वार्थ नसतो. संगमेशच्या गल्लीच्या तोंडाशी जिलानी नावाचे म्हातारे गृहस्थ गाडा लावतात. मी माझा शर्ट इस्त्रीला दिला, बनियनवर उभा राहिलो आणि विषय काढला.

"संगमेश ना? लई शरीफ पोरगा हाय," जिलानीचाचा म्हणाले. "पयले हप्त्याला सहा जोड यायचे. पाडव्यापासून बंद. कंपनीनं इथलं हापीस उचललं ना साहेब. आता कवा कवा एक जोड येतो, इंटरव्ह्यूला जायचं असलं की. मी पैसे न्हाई घेत त्या जोडाचे. तुम्ही कोण, नातेवाईक?"

"होणार होतो," मी म्हणालो आणि शर्ट अंगात घातला.

परतीच्या गाडीत मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. मनातल्या मनात मी वाक्यं जुळवत होतो. खोटारडा. बेकार. दिवसभर ट्रक हाकतो, तोही खोटा. रविवारच्या आत मोडायचं.

गुरुवारी संध्याकाळी बहिणीकडं पोचलो. उज्वला आत भाकरी थापत होती. अंबिका पडद्यासमोर होती, दोन गेम उरल्या होत्या आणि सेल संपायला तीन तास होते. मी दार लोटून घेतलं आणि डायरी तिच्यापुढं ठेवली.

तिनं वाचली. चेहरा हलला नाही.

"मामा, मला ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"नोकरी गेल्याचं. त्यानंच सांगितलं. बघायला आले तेव्हा त्याचे वडील बोलले, तो गप्प बसला. मग आम्ही दोघं गच्चीवर गेलो, तर त्याचं पहिलं वाक्य तेच होतं. वडील खोटं बोलले, म्हणाला, तुला नको वाटलं तर आत्ता नाही म्हण."

"आन् तू हो म्हणालीस? आन् मला सांगितलं न्हाई?"

"तुला सांगितलं असतं तर तू मोडलं असतंस." मग तिनं आवाज खाली आणला. "आईला एवढ्यात सांगू नको, मामा. ती घाबरंल. साखरपुडा होऊ दे, मग सांगू."

होऊ दे, मग सांगू.

हे शब्द माझे आहेत. माझ्या तोंडचे. आजवर मी कुणाला सांगितलं नाही ते इथं सांगतो. उज्वलाच्या लग्नाआधी मी उदगीरला चौकशीला गेलो होतो. गल्लीतल्या सगळ्यांनी मुलाचं कौतुक केलं. एकटा पानपट्टीवाला म्हणाला, "पाव्हणं, पोरगी देऊ नका. रोज सांजच्याला माझ्या दुकानामागं पडलेला असतो." पत्रिका छापून आल्या होत्या. आप्पांची, आमच्या वडिलांची, तब्येत नाजूक होती. आणि माझंही लग्न ठरलेलं होतं, बहिणीचं झाल्याशिवाय माझं होणार नव्हतं. खरं कारण तेच होतं, बाकीची मी नंतर जोडली. घरी येऊन मी सांगितलं, घर चांगलं आहे. मनात म्हटलं, लग्न होऊ दे, मग बघू.

पुढं काय झालं ते मी वीस वर्षं बघितलं.

"तसं नको," मी अंबिकाला म्हणालो. "मी एकदा तसं गप्प बसलोय. तुझ्या बापाचं मला लग्नाआधीच माहीत होतं."

मी तिला सगळं सांगितलं. पानपट्टी, पत्रिका, माझं लग्न. ती ऐकत राहिली. तिनं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. मला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं.

"संगमेशचं माझ्यापासून लपलेलं काही न्हाई," ती शेवटी म्हणाली. "आईपासून सगळंच लपवलेलं होतं." मग उठली. "बरं. माझं मी सांगते आईला. तुझं तू सांग."

तिनं उज्वलाला हाक मारली. उज्वला पिठाचे हात पुसत आली आणि आम्हा दोघांची तोंडं बघून दारातच थांबली. अंबिकानं उभ्या उभ्या सांगितलं, काही न वगळता.

"नोकरी गेली, का घालवली?" उज्वलानं विचारलं.

"कंपनीनं ऑफिसच बंद केलं, आई."

"आन् तुला त्यानं सोताहून सांगितलं? पहिल्याच दिवशी?"

"हाव."

"मग काय, लागंल नोकरी. शिकलेला हाय. त्याच्या बापाला मात्र मी रविवारी विचारणार हाय, सगळ्यांसमोर." एवढं म्हणून ती भाकरीकडं वळली.

"उज्वला, थांब," मी म्हणालो.

अंबिका खोलीतून बाहेर गेली नाही. मला वाटत होतं, तिनं जावं. मी खुर्चीत बसूनच सांगितलं. पानपट्टीवाल्याचे शब्द जसेच्या तसे सांगितले. माझ्या लग्नाचंही सांगितलं, ते लपवलं नाही.

उज्वला रडली नाही. तिनं हाताला चिकटलेलं पीठ बोटानं सोलून काढलं, एकेक कपची.

"मला वाटायचं, त्या लोकांनी तुला फसवलं," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी तुझीच कीव करत आले, अण्णा. ते मारायचे तवा बी मनात यायचं, अण्णाला कळलं तर त्याच्या जिवाला किती लागंल. म्हणून कधी तुला कळू दिलं न्हाई सगळं."

ती आत गेली आणि भाकरी थापल्याचा आवाज पुन्हा सुरू झाला, आधीसारखाच.

अंबिकानं संगमेशला फोन लावला आणि म्हणाली, "आईला सांगितलं. हो म्हणाली." पलीकडून तो काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. मग दोघं पुन्हा त्या दोन गेमवर बोलायला लागले. मी चपला घातल्या आणि बाहेर पडलो. कुणी थांबवलं नाही. शेवटी त्यांनी त्यातली कोणती घेतली ते मला कुणी सांगितलं नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी काही विचारलंही नाही.